पुंजाजी ड्रायव्हरचा चेहरा

यंदाच्या गणपतीत माझा नवरा रोज संध्याकाळी मरायचा आणि त्याची आई समोर खुर्ची टाकून ते बघायची. मी मायाला कडेवर घेऊन सासूबाईंच्या मागं उभी असायची. मायाला दात येत होते. इंजिन नाल्यात कोसळलं की ती दचकायची, माझ्या खांद्याला चावायची आणि मग तिचा बाप धुरातून उठून चहा प्यायला लागला की हात पसरून त्याच्याकडं झेपावायची. आई मात्र तशाच बसून राहायच्या, मांडीवर हात उपडे ठेवून.

हा स्टेशन रोडच्या मंडळाचा सजीव देखावा होता. नांदुऱ्यात प्रत्येक मंडळाचं काही ना काही असतं. कोणी चांद्रयान उडवतं, कोणी हुंड्यासाठी सून जाळतं. स्टेशन रोडवाल्यांनी यंदा आमच्या घरातलं मरण घेतलं.

आईंचे वडील पुंजाजी हिवराळे वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते. कोळसा फोडण्यापासून सुरुवात केलेली, मग फायरमन, मग ड्रायव्हर. आपल्यातला माणूस इंजिनाच्या त्या जागेवर बसतो हे बघायला त्या काळी लोक स्टेशनवर यायचे म्हणतात. एका पावसाळ्यात गावाअलीकडच्या नाल्याला पूर आला आणि रुळाखालची माती वाहून गेली. पुंजाजींना ते दिसलं तेव्हा त्यांची पॅसेंजर गाडी अगदी जवळ आली होती. फायरमनला त्यांनी उडी मारायला लावलं आणि स्वतः ब्रेक धरून उभे राहिले. इंजिन नाल्यात गेलं. पहिल्या डब्याची पुढची चाकं हवेत लटकली आणि गाडी थांबली. डब्यातला एकही माणूस गेला नाही. पुंजाजी वाफेनं भाजून गेले.

तेव्हा आई शाळेत जायच्या वयाच्याही नव्हत्या. एकुलत्या एक होत्या. लग्नानंतरही वडिलांचं घर त्यांच्याकडंच आलं, नवरा इथंच राहिला, म्हणून आम्ही अजून त्याच गल्लीत राहतो आणि गावातली जुनी माणसं माझ्या नवऱ्यालाही हिवराळेच म्हणतात.

मंडळाचे महादेवराव घरी आले तेव्हा बाहेर रिपरिप होती. त्यांचं जनावरांच्या सरकी-ढेपेचं दुकान आहे. अंगणातल्या चिखलामुळं चपला हातात धरून दारात उभे राहिले, आत येईनात.

"काका, या ना आत," मी म्हटलं.

"पाय धुवाले पानी दे बाई आधी. नाईतं तुही सासू मले झाडूनं मारन."

आई आत शेंगा मोडत बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. महादेवरावांनी पाय धुतले, बसले आणि एकदम मुद्द्यावर आले. ते स्वतः त्या गाडीत होते. मामाच्या गावाहून आईबरोबर परत येत होते, पहिल्याच डब्यात.

"माह्या मायनं मले पोटाशी धरलं व्हतं. डबा असा वाकडा. खाली पानी. अन्नपूर्णाबाई, तो मानूस नसता तं मी आज ढेप इकत नसतो. त्याच्या नावाचा या गावात एक दगड नाई. मंडळाच्या पोराइले सांगतलं मी, यंदा हेच करायचं. अन् इंजिनात पुंजाजीचाच नातू उभा राह्यला पाह्यजे."

संघर्ष म्हणजे माझा नवरा. तो कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर आहे. त्यानं आधी आईंकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"काका, आमच्या घरी गणपती नसते. तुमाले माहीत हाये."

"अबे, मी तुले आरती म्हनाले लावून राह्यलो का? मूर्ती तिकडं, इंजिन इकडं. मधात कनात लावतो. मंग तं झालं?"

"कनात जाड लावजा," संघर्ष म्हणाला. दोघंही हसले.

आईंनी शेंग मोडता मोडता विचारलं, "हा दिसन का त्याच्यासारखा?"

"दिसन म्हंजे? नाकडोळे तेच असतीन. रक्ताचा हाये."

"तुमी पाह्यलं व्हतं माह्या बापाले?"

"डब्यातून कुठं ड्रायव्हर दिसते बाई?"

आईंनी पुढची शेंग उचलली. मला वाटलं आता नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "उभा राह्य बाप्पा. मले पाहू दे."

घरात पुंजाजींचा एकही फोटो नाही. तेव्हा आमच्यासारख्यांकडं फोटो काढायची रीत नव्हती. रेल्वेच्या पासावर एक होता, तो त्यांच्या खिशात होता, खिशाबरोबर गेला.

मग घरात जे दिवस आले ते, खरं सांगायचं तर, चांगले होते. संघर्ष जिनिंगमधून सुटला की मंडळाच्या मैदानावर जायचा. महादेवरावांनी कोणाची तरी टिपर ट्रॉली आणली होती, ट्रॅक्टरच्या मागं लावून माती उलटवतात ती. तिच्यावर डांबराचे रिकामे पिंप आडवे जोडून बॉयलर केला, पुढं प्लायवूडचं गोल तोंड, वर चिमणी. ट्रॉली हळूहळू उचलली की सगळं इंजिन नाक खाली करून समोरच्या खड्ड्यात जायचं. खड्ड्यात सरकीच्या टरफलांची पोती टाकली होती, पडणाऱ्याला लागू नये म्हणून. लग्नातलं धुराचं यंत्र, डीजेवर शिटी आणि शाळेतल्या एका गुरुजींच्या आवाजात रेकॉर्ड केलेली गोष्ट. माया दुपारी झोपली की मी त्याच्यासाठी निळा सदरा शिवत बसायची. बाही घालताना वाटायचं, असाच कोणीतरी पुंजाजींचा सदरा शिवला असेल. मग वाटायचं, कशाला असलं मनात आणायचं. दोरा दातानं तोडायची आणि मायाच्या पाळण्याला झोका द्यायची.

संघर्ष घरी येऊन खुशीत सांगायचा, "समता, चिमनीतून धूर असा निंगते ना, की भुसावळचे लोक घाबरून स्टेशनवर येतीन."

"तुमचं इंजिन आधी मैदानातून हलू द्या," मी म्हणायची.

पहिल्या दिवशी अख्खी गल्ली आली. दिवे मालवले, शिटी झाली, गुरुजींचा आवाज सुरू झाला. इंजिनाच्या खिडकीत संघर्ष उभा होता. काजळीत खोबरेल कालवून तोंडाला फासलेलं, डोक्याला रुमाल, एक हात दांड्यावर. मी चार वर्षं त्याच्याबरोबर राहते आहे, तरी क्षणभर तो मला अनोळखी वाटला. नुसते डोळे आणि दात. मग त्यानं फायरमन झालेल्या पोराला ढकललं, ते पोरगं टुणकन उडी मारून पळालं, लोक हसले. ट्रॉली वर जाऊ लागली. हसणं थांबलं. इंजिन कलंडलं, धूर आला, लाल दिवा लागला आणि धुरातून तो खड्ड्यात पडलेला दिसला, एक हात वर राहिलेला.

आई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. तशाच वाकून उभ्या राहिल्या, ना बसलेल्या ना उभ्या. मी त्यांच्या पाठीला हात लावला तर पाठ घामानं ओली झालेली.

दिवे लागले. संघर्ष उठला, कपडे झटकले आणि कोणीतरी दिलेला चहा घेतला. आई खाली बसल्या.

"घरी जाऊ, आई. पोरगी किरकिर करतेय."

"तू जा. अजून एक खेळ हाये म्हनते."

दुसऱ्या दिवसापासून त्या लवकरच जाऊन बसायच्या. पोरं त्यांची खुर्ची राखून ठेवायची. खेळ संपला की लोक उठायचे, नवे लोक यायचे, आई तिथंच. घरी आल्यावर त्यांच्या ताटात भाकरीचा अर्धा तुकडा तसाच राहायचा. सकाळी बुद्धवंदनेला बसल्या की आधी डोळे मिटून बराच वेळ बसतात, तसं आता जमेना. डोळे मिटायच्या, लगेच उघडायच्या, पुन्हा मिटायच्या. मला वाटलं रात्रीच्या जागरणानं डोळ्यांची आग होत असेल. मी गुलाबपाण्याच्या घड्या दिल्या. त्यांनी निमूट ठेवून घेतल्या.

आणि मग तो फ्लेक्स लागला.

मंडळाच्या पोरांनी मोठ्या प्रेमानं केलं होतं ते. चौकात, खांबाएवढा उंच. वर झुकझुक गाडी, खाली फुलांची चौकट, आणि चौकटीत पुंजाजींचा फोटो पाहिजे. तो कुठून आणणार? पोरांनी इंजिनात उभ्या असलेल्या संघर्षचा मोबाइलवर काढलेला फोटो दिला, फ्लेक्सवाल्यानं त्याची काजळी पुसून चेहरा गोरा केला आणि मागं ढग टाकले. 'हिवराळे ड्रायव्हर यांना भावपूर्ण श्रद्धांजली.' खाली मंडळाच्या सगळ्या कार्यकर्त्यांचे छोटे छोटे फोटो, गॉगल लावून. एकानं त्या फ्लेक्सचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला आणि तो गेला सगळ्या जिल्हाभर.

संघर्ष सकाळी जेवायला बसला होता तेव्हा डोणगावहून माझ्या आईचा फोन आला. तिला बोलताच येत नव्हतं. नुसतं "माह्या बाई, माह्या बाई" चाललं होतं. मागं माझा भाऊ मोटारसायकलला किक मारत असल्याचा आवाज. मला काही कळेना. मीच घाबरून रडायला लागले. संघर्षनं फोन हातातून घेतला.

"हॅलो. आई, मी बोलून राह्यलो. संघर्ष. अवो, मी जेवून राह्यलो! वांग्याची भाजी! ऐका." आणि फोन तोंडाशी धरून कचाकचा कांदा चावला.

दुपारी देऊळगाव राजाहून त्याचे चुलतमामा आले. गाड्या बदलत, पिशवीत पांढरं कापड घेऊन. दार संघर्षनंच उघडलं. मामांनी त्याला आधी नखशिखांत बघितलं आणि मग खाडकन एक थोबाडीत दिली.

"लेका, एवढ्या दूर आलो मी! पूर्न रस्त्यानं रडत आलो. बाजूच्या बाईनं मले केळं देल्लं!"

"मामा, मंग आता मरू का?"

"गप बस. पानी दे."

आम्ही सगळे हसलो, इतके की माया टाळ्या वाजवायला लागली. मामा पांढरं कापड ट्रंकेवर ठेवून जेवायला बसले. मी आईंना हाक मारायला गेले तर त्या घरात नव्हत्या.

त्या चौकात होत्या, फ्लेक्सखाली. ऊन तापलं होतं आणि त्या मान वर करून उभ्या होत्या. येणारेजाणारे त्यांच्याकडं बघत होते. मी मायाच्या डोक्यावर ओढणी धरून त्यांच्याजवळ गेले.

"आई, चला. काढून टाकताहेत ते. पोरांना कळलं नाही, चुकलं त्यांचं."

"समता, माह्या बापाचं नाक असं व्हतं का?"

"मी कसं सांगू, आई?"

"मले बी सांगता नाई येऊन राह्यलं."

त्यांचा आवाज अगदी साधा होता, चष्मा कुठं ठेवला असं विचारावं तसा. मी त्यांना बाजूच्या रसवंतीच्या बाकावर बसवलं. हंगाम नव्हता, घाणा बंद होता, कोणी नव्हतं. तिथं त्या बोलल्या. माझ्या लग्नानंतर एका दमात एवढं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

"तो घरी आला का काळाच राह्यचा. मोरीच्या दगडावर बसायचा. मी गडव्यानं पानी वतायची. काळं पानी वाहून जायचं अन् मंग चेहरा निंगायचा. आधी कपाळ, मंग नाक. मले वाटे मीच काहाडला तो चेहरा, मातीतून काहाडावा तसा. तेवढंच हाये माह्यापाशी. मायले इचारलं तं ती रडे, म्हनून इचारनं सोडलं. पन डोळे मिटले का तो यायचा. माह्या लग्नात आला. संघर्ष झाला तवा आला. तुहे सासरे गेले तवा बी आला. कधी कोनाले सांगतलं नाई. सांगतलं तं कमी होईन असं वाटे."

माया माझ्या मांडीवरून घसरून त्यांच्या पदराला लोंबकळत होती. त्यांनी तिला उचललं नाही.

"इंजिनात संघर्ष उभा राह्यला तवा मी म्हनलं, जुळते का पाहू. पह्यल्या दिवशी नाक जुळलं नाई. माह्या बापाचं अंमळ बसकं व्हतं. दुसऱ्या दिवशी मले शंका आली. आता डोळे मिटले का हाच येते. काळा, मंग गोरा, मंग ढगात. तो आत कुठं गेला सापडतच नाई. एवढी वर्सं सांभाळला बाई मी, अन् हे लोक आठवन कराले निंगाले अन् गेला."

मी लेकरासाठी आणलेली पाण्याची बाटली त्यांना दिली. त्यांनी घोट घेतला आणि बाटलीचं झाकण बराच वेळ लावत बसल्या, आटे जुळत नव्हते.

मी संघर्षला सगळं सांगितलं. तो मोरीच्या कठड्यावर बसून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "मी उभा नाई राह्यत आता. मले बी नाई जमून राह्यलं समता. माय समोर बसते अन् मी पडतो. मले वाटते, म्या मायच्या पुढं मरनं बरं नाई, खोटं बी."

महादेवरावांना त्यानं जाऊन सांगितलं. फ्लेक्स तर दुपारीच उतरवला होता. ते स्वतः आले, ह्यावेळी चपला बाहेर सोडून सरळ आत, आणि आईंच्या समोर खाली बसले.

"माफ करा. पोरं हायेत ती. उद्यापासून दुसरा कोनी उभा करतो. नाईतं खेळच बंद करतो."

"दुसरा नको," आई म्हणाल्या.

"माय!" संघर्ष म्हणाला.

"दुसरा उभा केला तं त्याचा चेहरा बी येऊन बसन माह्या डोळ्यात. बंद केलं तं हा बी जाईन. एक गेला. आता हा हाय तोच माह्या बापाचा समजते मी. हे उरलेले दिवस आता पुरे कर बाप्पा."

"अन् मंग?" संघर्षनं विचारलं.

त्या पदर सावरून आत गेल्या.

म्हणून तो उभा राहिला. उरलेले सगळे दिवस. मी आता मायाला घेऊन जायचं टाळायची. घरी बसूनसुद्धा डीजेची शिटी ऐकू यायची. शिटीनंतर थोडा वेळ काही नाही, मग लोकांचा "आऽऽ" असा आवाज यायचा. तो आवाज झाला की मी मायाला छातीशी घ्यायची आणि गल्लीत त्याची पावलं वाजेपर्यंत मला दूध सुटायचं नाही. तिला कळायचं काहीतरी. ती पिता पिता थांबून माझ्या तोंडाकडं बघायची.

विसर्जनाच्या दिवशी खेळ दुपारीच होता, कारण नंतर मिरवणुकीसाठी ट्रॅक्टर सोडवायचा होता. आई निघाल्या तेव्हा हातात पाण्याचा गडवा होता आणि काखेत मामांनी आणलेलं ते पांढरं कापड. मी बघितलं. विचारलं नाही. मायाला उचललं आणि मागं गेले.

दिवसाउजेडी सगळं उघडं दिसत होतं. डांबराचे पिंप, प्लायवूडचे खिळे, धुराच्या यंत्राची वायर. मुलं ढोल बांधत होती, कोणाचं फारसं लक्ष नव्हतं. गुरुजींचा रेकॉर्ड केलेला आवाज उन्हात पातळ वाटत होता. ट्रॉली उचलली, इंजिन गेलं, संघर्ष पोत्यांवर पडला. धूर लगेच विरला. तो उठायला हात टेकवत होता तेवढ्यात आई दोरी ओलांडून खड्ड्यात उतरल्या.

"उठू नको."

संघर्षनं एक डोळा उघडला. "माय, लोकं..."

"राह्य म्हनलं ना."

तो राहिला. डोळे मिटून, हात सरळ करून. आई त्याच्या उशाशी पोत्यावर बसल्या. गडव्यातलं पाणी थोडं थोडं ओतून त्यांनी त्याचं कपाळ पुसलं, मग गाल, मग नाक. घाई नव्हती. काळे ओघळ त्याच्या कानामागं जात होते. पुसता पुसता त्या बोलत होत्या, लोकांशी नाही, मला ऐकू येईल एवढंच.

"मले बायाइनं घरात कोंडलं व्हतं. ताडपत्रीत बांधून आनलं तुले. म्या दार वाजवलं, कोनी उघडलं नाई. पाहू नको म्हने, भिशील. मी कुठं भेत होती तुले? काळा तं तू रोजच राह्यचा."

ढोलवाली पोरं थांबली. काही लोकांना वाटलं हेही देखाव्यातलंच आहे, शेवटच्या दिवसाचं खास. त्यांनी टोप्या काढल्या. डीजेवाल्यानं न सांगता आवाज बंद केला. महादेवराव दोरीशी हात जोडून उभे होते, आणि त्यांचे ओठ लहान मुलासारखे थरथरत होते.

आईंनी पांढरं कापड उलगडलं आणि छातीपर्यंत पांघरलं. चेहरा उघडा ठेवला. त्याच्याकडं बघितलं. खूप वेळ, एकटक. मग हात जोडले. "बुद्धं सरणं गच्छामि." त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला आणि पुन्हा लागला.

आम्ही शकुन-अपशकुन मानत नाही. माझ्या घरात कोणी मानत नव्हतं, ह्याही घरात नाही. पण त्या वेळी ओरडून सांगावं वाटत होतं की आई, तो माझा आहे, तो जिवंत आहे, त्याला सकाळी मी चहा दिला. मी त्याच्या पोटाकडं बघत राहिले. कापड वर जात होतं, खाली येत होतं. तेवढंच बघत राहिले. माया माझ्या हातातून निसटायला बघत होती, "बा, बा" करत दोन्ही हात त्याच्याकडं. त्याला ते ऐकू येत होतं. त्याच्या पापण्या हलत होत्या आणि डोळे उघडायचे नव्हते. एका पापणीखालून पाणी आलं, ते गडव्यातलं नव्हतं.

संघं सरणं गच्छामि, तिसरं सरण झालं. आई उठल्या, पदरानं हात पुसले आणि मागं न बघता घरी निघून गेल्या. प्रेत उचलून नेल्यावर बायका जातात तशा.

त्या रात्री त्या पोटभर जेवल्या. दुसऱ्या दिवशी वंदनेला बसल्या आणि डोळे मिटून शांत बसून राहिल्या, पूर्वीसारख्या. मायाला त्यांच्या मांडीवर ठेवलं तर तिच्याशी बोलल्या, तिचं नाक दाबून हसल्या. मला वाटलं, झालं ते बरंच झालं. उरात अडकलेलं मरण एकदाचं पार पडलं.

संघर्ष जेवायला बसला तेव्हा माझ्या लक्षात आलं. आईंनी त्याला भाकरी वाढली, भाजी वाढली, "अजून घे" म्हणाल्या, पण नजर ताटावर. त्यानं "माय, मीठ दे" म्हटलं तर मीठ दिलं, त्याच्या हाताकडं बघून. मला वाटलं असेल एखादा दिवस. एखाद्या दिवसाचं नव्हतं ते. तो समोरून आला की त्या काहीतरी शोधायला लागतात. तो बोलला की भिंतीशी बोलतात. एकदा तो जिनिंगमधून आला, केसांवर कापसाची धूळ, तोंड घामानं चमकत होतं. आई दार उघडायला गेल्या, कडी काढली आणि त्याला बघताच उलट पावली आत आल्या. भिंतीला टेकून बसून राहिल्या. मी विचारलं, "काय झालं?" म्हणाल्या, "काई नाई. वाटलं, गेलेला मानूस दारात उभा हाय."

त्यानं ते ऐकलं. मोरीवर जाऊन त्यानं तोंड धुतलं, पुन्हा पुन्हा धुतलं.

"काऊन व समता," त्यानं मला विचारलं, माया मधे झोपलेली, "म्या काय केलं? तिनं राह्य म्हनलं, मी राह्यलो."

मला ठाऊक होतं आणि सांगता येत नव्हतं. त्यांनी त्यांच्या बापाला निरोप दिला, आणि चेहरा तुमचा वापरला. एवढंच. हे मोठ्यानं म्हटलं असतं तर तो रडला असता, आणि मी त्याला दुसऱ्यांदा रडताना बघू शकत नव्हते.

आता त्यानं दाढी सोडली आहे. कोणाला कारण सांगत नाही. जिनिंगमधले त्याला 'बाबा' म्हणून चिडवतात, महादेवराव म्हणतात, "अबे, पुढच्या वर्साले ऋषीचा देखावा करतो." माया दाढीत बोटं घालून ओढते आणि खिदळते. आई अजून त्याच्याकडं नीट बघत नाहीत, पण वाढताना त्यांची नजर ताटावरून हळूहळू वर सरकते आहे. मनगट, खांदा, सदऱ्याची गुंडी. काल त्याच्या हनुवटीपर्यंत आली, दाढीवर क्षणभर थांबली आणि त्या म्हणाल्या, "भाकर थंडी होऊन राह्यली, खा."

संघर्षनं मान खाली घातली आणि खाऊ लागला. आईंना हवं तेवढं बघता यावं म्हणून तो आता जेवताना मान वर करत नाही.